पाच दशकं, पाच किंकाळ्या

आवाजाच्या रिळांचे डबे आणायला म्हणून ताई गुरुवारी सकाळी रेकॉर्डिस्ट काकांकडे गेली, तेव्हा तिच्या डोक्यात एक यादी होती, बाकी काही नव्हतं. चित्रपट संग्रहालयानं तिला सांगितलं होतं : मागच्या पाच दशकांतला प्रत्येकी एक, असे तुमच्या आवडीचे पाच भयपट निवडा. रविवारी सकाळी त्यांतले प्रसंग दाखवू, आणि तुमच्या आईंचा सत्कार करू.

सत्कार आईचा, कारण या सगळ्या सिनेमांत ओरडली होती ती आईच. पडद्यावर काहीतरी दात विचकत पुढे यायचं, नायिका तोंड उघडायची, आणि त्या तोंडातून आवाज निघायचा तो ताईच्या आईचा. नायिका बोलत गोड, रडत सुंदर; पण ओरडायची वेळ आली की बिचाऱ्यांचं मांजराचं पिल्लू व्हायचं. मग डबिंगला आईला बोलावणं जाई. स्टुडिओत सगळे तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे किंकाळीबाई. नवरा लवकर गेला, पण बाईंनी त्या किंकाळीच्या जोरावर लेकीला वाढवलं, शिकवलं, संकलक केलं. आता लेक मालिका कापायची आणि जोडायची.

चौदा महिन्यांपूर्वी बाईंना झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही बिघाड नाही, त्या बोलू शकतात; का बोलत नाहीत ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून एक शब्द नाही. हूं नाही की चूं नाही. ताईला ताई म्हणणारे पैशाला पासरी होते, पण 'चिमे' म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. ताईला सत्काराचं फारसं कौतुक नव्हतं. तिला एकदा, एकदाच, 'चिमे' ऐकायचं होतं. आपलाच जुना आवाज कानावर पडला तर आईचा आवाज जागा होईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. बुडत्याला काडीचा आधार.

काकांनी सगळं आयुष्य, अगदी अलीकडेपर्यंत, काचेमागे बसून लोकांचे आवाज टेपवरच उतरवले होते. निवृत्त झाल्यावर स्टुडिओतली जुनी रिळं ते घरी घेऊन आले आणि पलंगाखाली रचून बसले. यादी हातात घेऊन त्यांनी चष्मा पुसला.

"पहिला विहिरीचा. हे बरोबर. दिवा दोरीनं विहिरीत सोडतात, विझतो, आणि वर ओढतात तर पेटलेला. कृष्णधवलमध्ये याला तोड नाही. पण दुसरा पुतळ्यांचा? अगं, त्यातला मेणाचा पुतळा शिंकला होता! ती शिंक मी या हातानं कापलीय."

"शिंकू दे. शेवटी नायिकेची साडी पुतळ्याच्या अंगावर निघते, तेव्हा मी खुर्चीखाली गेले होते काका. सात वर्षांची होते."

"आणि ओरडली कोण होती? तुझीच आई. आपल्याच आईला घाबरून खुर्चीखाली!"

तिसरा लिफ्टचा. इमारतीला पाच मजले, लिफ्ट सहाव्यावर थांबते. यावर वाद झाला नाही. चौथ्याला काकांना रबरी हाताचा हवा होता, ताईला पाळणाघराचा, ज्यात संध्याकाळी मुलं मोजताना रोज एक जास्त भरतं. अखेर काका हरले. पाचवा अगदी अलीकडचा : एक कुटुंब विकाऊ घर बघायला जातं, आणि जुने मालक जेवायला बसलेले असतात. काका म्हणाले, "त्यात भूत दिसतसुद्धा नाही." ताई म्हणाली, "म्हणूनच."

मग त्यांनी टेपचं यंत्र लावलं. जुन्या पद्धतीनं प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट शांतता होती. ऐकणाऱ्याला हे खूळ वाटेल, पण दर खोलीच्या शांततेला तिचा असा आवाज असतो. दोन संवादांमध्ये फट पडली तर तिथं तीच शांतता जोडावी लागते, नाहीतर कान अडखळतो. बाकी लोक हा भाग पुढे ढकलतात. ताई संकलक. तिनं सवयीनं हेडफोन लावले आणि आधी शांतताच ऐकली.

विहिरीच्या रिळात आईचा श्वास होता, तरुण, स्थिर. आणि लांब, दाराजवळ वाटावा असा, दुसरा एक श्वास.

पुतळ्यांच्या रिळात तो दाराशी नव्हता. लिफ्टच्या रिळात तो खोलीच्या मध्यावर होता. पाळणाघराच्या रिळात आईच्या पाठीशी. पाचव्या रिळात दोन्ही श्वास इतके जवळ होते, की कुठला कुणाचा ते ताईला सांगता येईना. प्रत्येक शांततेनंतर किंकाळी होती, आणि प्रत्येक किंकाळी खरी होती.

तिनं हेडफोन काढले. "काका, आत आईबरोबर कोण असायचं?"

"कुणी नाही. बाईंचा दंडकच होता तसा. आत एकट्या. मी काचेमागे, आणि मीसुद्धा माइकवरून बोलायचं नाही, हातानं खूण करायची."

"का?"

काका ओशाळं हसले. "एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, खोलीत एक उभं असतं, ते मला दिसतं, म्हणून ओरडता येतं. ज्याचा आवाज ऐकेल त्याच्याकडे एक पाऊल टाकतं. तुम्ही बोलू नका, ते तुमच्याकडे वळेल... मी म्हटलं, कलाकार माणूस, चालायचंच. शेवटच्या रिळानंतर मात्र बाई पुन्हा आल्याच नाहीत. पुढल्याच आठवड्यात झटका आला ना."

ताईचा विश्वास बसला नाही असं नाही. तिची गरज मोठी होती, एवढंच. जुन्या टेपमध्ये एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटतो, असं तिनं स्वतःला सांगितलं, पाचही तुकडे आपल्या यंत्रात उतरवून घेतले आणि घरी आली.

दुपारचे तीन वाजले होते. आईच्या खोलीत पडद्यातून पिवळट उजेड येत होता, औषधांचा आणि धुतलेल्या चादरीचा वास होता. ताईनं स्टुलावर स्पीकर ठेवला.

"आई, तुझा आवाज आणलाय बघ."

अर्धा मिनिट शांतता. मग पहिली किंकाळी. बाईंचे डोळे खाडकन उघडले.

चौदा महिन्यांत ताईनं त्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. तिनं दुसरी लावली. आईचा डावा हात गादीवरून उचलला गेला. तिसऱ्या किंकाळीला तो हात हवेत हलायला लागला, जोरजोरात, नाही नाही म्हणावं तसा. आणि वेड्या ताईला वाटलं, हात हलतोय! चौथ्या वेळी बाहेरच्या खोलीचं दार कुरकुरलं. जड पडद्यांचा, वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या खोलीचा कोंदट वास आला. ताईनं तो डबिंगच्या खोलीच्या दाराशी लहानपणी घेतला होता. तिचं बोट बटणावर होतं. थांबावं असं तिला वाटलं, अगदी वाटलं. पण आईचे ओठ हलत होते. आणखी एकदा, म्हणजे फुटेल शब्द...

तिनं पाचवी लावली.

किंकाळी संपली. ताई सवयीनं शांतता ऐकू लागली. आईचा श्वास. आपला श्वास. आणि...

"आई?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तिसरा श्वास वळला. तो वळला हे तिला कानानं कळलं. आधी तो पलंगापाशी होता, आता तिच्या गालापाशी आला होता, गार, ओलसर. तिला हलता येईना.

"इकडे," आई म्हणाली.

घोगरा, गंजलेला, पण आईचाच आवाज. "इकडे बघ. तिथं कुणी नाही. ओरडणारी मी. ये... बस."

डाव्या कोपरावर जोर देऊन बाई भिंतीकडे सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात थोपटला. गालापाशी आलेला गारवा गेला. पलंग करकरला, आणि गादी तिथं हळूहळू खाली दबली, माणूस बसल्यावर दबते तेवढी. आईनं लेकीकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि मग तिच्याकडे बघणंच सोडून दिलं.

त्या घटकेपासून बाई बोलत सुटल्या. त्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून, कधी हसत, कधी कुजबुजत. डबिंगच्या गमती सांगितल्या, कोणत्या नायिकेला सर्दी व्हायची ते सांगितलं, सिनेमांच्या गोष्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितल्या. डॉक्टरांना ताईनं आत बोलू दिलं नाही; बाहेर जिन्यात येऊन ते म्हणाले, चमत्कार आहे ताई, पेढे द्या! ताईनं कागदावर लिहून दाखवलं, 'घसा बसलाय.' शेजारणी डोळे पुसून गेल्या. ताई पायथ्याशी बसून पाणी द्यायची, तेही पेला वाजू न देता. आईचा आवाज घरभर होता आणि त्यातला एक शब्दही तिच्यासाठी नव्हता.

शुक्रवारी दुपारी आई त्या बाजूला सांगत होती, "मला एक मुलगी होती. चिमी म्हणायचे मी तिला. फार बडबडी. लांब गेली ती, परत यायची नाही. आता घरात मी एकटीच." ताईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. चौदा महिने आई का गप्प होती, ते तिला तेव्हा कळलं. शेवटचं एक पाऊल उरलं होतं; आवाज काढला असता तर ते या घरात आलं असतं, आणि घरात लेक होती. आपण काय करून बसलो, हेही कळलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शनिवारी आवाज फाटला. रविवारी सकाळी नुसती फुंकर उरली.

ताईनं काकांना निरोप पाठवला होता, येऊ नका म्हणून. पण काका मोबाइलवरचं वाचतात कुठं? नऊच्या सुमारास ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, संग्रहालयाची गाडी खाली उभी करून आले. दार उघडंच होतं. ताईनं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. बाई झोपल्यात असं समजून काका मान डोलावून दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

बाई पाचव्या सिनेमाची गोष्ट सांगत होत्या. "...मग ती दार उघडते... आत सगळे जेवायला बसलेले असतात... आणि एक ताट..."

पुढचा शब्द आला नाही. ताईनं वाट पाहिली. आईच्या अंगावरचं पांघरूण वर गेलं नाही. तिनं मनगट धरून बघितलं, मग मानेला बोटं लावली. आई गेली होती.

ओढणीचा बोळा करून ताईनं तो तोंडात कोंबला आणि दातांनी धरून ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज म्हणून तिनं फुटू दिला नाही. गादीवरचा खळगा होता तसाच होता.

"चिमे."

आईच्या ओठांतून नव्हे. खळग्याकडून. आवाज फाटका नव्हता, थकलेला नव्हता. तरुण होता, पहिल्या रिळातल्यासारखा, ताई लहान असताना तिला जेवायला बोलावणारा.

"चिमे... कुठं आहेस गं? ओ दे."

ताईचं सगळं अंग त्या हाकेकडे ओढलं गेलं. तिनं ओढणी आणखी घट्ट चावली. रक्ताची चव आली.

"चिमे..."

खुर्चीत काकांचा चेहरा उजळला होता. चौदा महिन्यांनी बाईंची खणखणीत हाक त्यांच्या कानी आली होती, आणि तिथून त्यांना बाईंच्या उशीची मागची बाजू तेवढी दिसत होती. त्यांनी ताईला खुणेनं विचारलं, अगं, बोलावतेय ना? ताईनं जिवाच्या आकांतानं मान हलवली, नाही, नाही. ती उठली, दोन्ही हात पुढे करून त्यांच्या तोंडाकडे धावली. काकांना वाटलं, आनंदानं पोरीचा गळा दाटलाय. भल्या माणसाला राहवलं नाही.

"आहे हो बाई, इथंच आहे तुमची चिमी!" ते मोठ्यानं म्हणाले.

हाक थांबली. गादीवरचा खळगा सावकाश भरून आला आणि चादर सरळ झाली. ताई खोलीच्या मध्यावर हात पसरून उभी होती. तिच्या दंडाला काहीतरी गार घासून गेलं.

काका अजून हसतच होते. मग त्यांनी मान थोडी कलती केली, कानाशी कुणी वाकून काही सांगावं तशी, आणि खुर्चीत जरा सावरून बसत अदबीनं विचारलं, "आपण कोण?"