रेघेच्या वरचा उजेड

पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक... पण यातलं एकही अक्षर रचलेलं नाही. माझा मावसभाऊ व्यंकट लातुरात आहे. हवं तर त्यालाच विचारा. फक्त अंधार पडल्यावर जाऊ नका.

गेल्या वेळाअमावस्येची संध्याकाळ. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं, बाजारात चिटपाखरू नसतं. व्यंकटची बायको-पोरंही गेली होती. तो मात्र नांदेड रोडवरच्या गॅरेजात अडकला होता. हेडलाईटमध्ये एलईडी बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

गिऱ्हाईक देगलूरचं. शिवमूर्ती. बापाच्या जिवावर उड्या मारणारा गडी. त्याच्या पिवळ्या स्पोर्ट्स कारला दिवाळीत पांढरेफक्क एलईडी व्यंकटनेच बसवले होते. आता साहेबांना दिव्यांच्या आत लाल उजेडाची कडी हवी होती.

"डोळे लालबुंद दिसले पायजेत. समोरचा टरकला पायजे," शिवमूर्ती म्हणाला.

बंपर नवाकोरा होता.

"काय झालतं?" व्यंकटने विचारलं.

"डुक्कर आडवं आलतं. तू तुझं काम कर की."

व्यंकटने बॅटरीची वायर काढून बाकावर ठेवली. दिवे उतरवले. चिकटवलेली काच सुटावी म्हणून दिवा ओव्हनमध्ये तापवावा लागतो. त्याने एक आत ठेवला...

आणि केस जळाल्याचा वास सुटला.

काच उघडली. जिथे धूळसुद्धा शिरत नाही, तिथे एलईडीला गुंडाळला होता एक लांब केस. त्यात अडकलेला कापसाचा पुंजका.

ओला... लाल.

व्यंकटला आठवलं. दिवाळी झाल्या झाल्या देगलूरच्या रस्त्यावर बसम्मा नावाची बाई गाडीखाली चिरडली गेली होती. कापूस वेचून अंधारात घरी निघाली होती. गाडी सापडलीच नव्हती.

"शिवमूर्ती... हे डुकराचं हाय?"

शिवमूर्तीने त्याची गचांडी धरली. "फेक ते. अन् लाईट जोड."

व्यंकटची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे एक आडवी रेघ आहे. उजेड त्या रेघेखाली बसवायचा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. दिवाळीत शिवमूर्ती म्हणाला होता, "वर ठेव, लांब गेला पायजे." व्यंकटने ठेवला होता. सगळेच ठेवतात.

शिवमूर्तीला बसम्मा दिसली असेल. तिला मात्र काहीच दिसलं नसणार...

गाडी गेली की पोलिसांना फोन करायचा, असं ठरवून त्याने दिवे परत बसवले.

बॅटरीची वायर अजून बाकावरच होती.

तरी दिवे लागले.

भिंतीवर, रेघेच्या वर, उजेड पडला. त्यात एक सावली उभी होती. बाईची. उजेड सहन न झाल्यासारखं तिने हात डोळ्यांवर धरला होता.

गाडी आणि भिंतीच्या मध्ये कुणीच नव्हतं.

"कोण हाय बे?" शिवमूर्ती पाना घेऊन भिंतीकडे धावला. सावलीवर दणादण घाव घालू लागला.

मागे इंजिन गुरगुरलं.

गाडी सुटली ती थेट त्याच्यावर. भिंत हादरली. हाडं मोडल्याचा आवाज व्यंकटने ऐकला... शिवमूर्ती ओरडतच होता. गाडी मागे आली. पुन्हा गेली. पुन्हा मागे. पुन्हा.

व्यंकटने हातोडा उचलून दिवे फोडले. काचा त्याच्या मनगटात घुसल्या. दिव्यांचा चुरा झाला, उजेड तसाच राहिला. शिवमूर्तीचं तोंड ओळखू येईनासं झालं, तेव्हा कुठे उजेड आपोआप विझला.

पोलिसांनी अपघात लिहिला. बाकावरची वायर सगळ्यांनी पाहिली, पंचनाम्यात ती आली नाही.

व्यंकटने गॅरेज बंद केलं. घरात दिवा लावू देत नाही. त्याची नजर रोज अधू होत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत.

परवा तिन्हीसांजेला मी त्याच्याकडे गेलो. वळताना माझ्या मोटारसायकलचा उजेड त्याच्या अंगावर पडला.

"बंद कर! पाया पडतो तुझ्या, बंद कर!" तो किंचाळला.

मी लगेच बंद केला. पण तेवढ्यात त्याच्यामागची भिंत दिसलीच...

व्यंकटची सावली होती. तिच्या मागे दुसरी, बाईची. तिचा हात आता तिच्या डोळ्यांवर नव्हता.

व्यंकटच्या डोळ्यांवर होता.