आदल्या दिवशीचं शिंग

संध्याकाळी बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, नव्याचा सण लागणार होता; त्यांचं नवं वर्ष. त्यावर पेपरात लिहायचं म्हणून मी रेवदंड्याला गेलो. अलिबाग कोर्टातले निवृत्त बेलिफ एझ्राकाका झिराडकर ओसरीवर नारळ सोलत होते. आत सिम्हाकाकूंनी चहा टाकला होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर त्यांना चार पावलांतच धाप लागे. डॉक्टरांनी पुढच्या वर्षाची खात्री दिली नव्हती.

“सैतान शत्रू कधी झाला, विचारताय?” काका म्हणाले. “फार उशिरा. जुन्या ग्रंथांत तो देवाच्या दरबारातला सरकारी वकील. माणसाच्या उजव्या हाताला उभं राहून आरोप ठेवायचा, एवढंच काम. पुढे इराण्यांचं राज्य आलं. त्यांच्यात उजेडाचा देव वेगळा, अंधाराचा मालक वेगळा. ते ऐकून आमच्यांनीही वकिलाला अंधाराचा राजा केला, असं काही विद्वान म्हणतात. बढतीच म्हणा!”

“नारळ सोला आधी,” आतून काकू ओरडल्या. “वकिली मागाहून!”

या सणाला देव प्रत्येकाचं पुढचं वर्ष ठरवतो. त्याआधी महिनाभर रोज सकाळी मेंढ्याचं शिंग फुंकतात. आदल्या दिवशी मात्र गप्प. त्या वकिलाला सुनावणीची तारीख कळू नये म्हणून.

काकांनी कोयता ठेवला, कोनाड्यातून शिंग काढलं आणि फुंकलं.

“काका, आज?”

“मला त्याच्याशी बोलायचंय,” ते हळू आवाजात म्हणाले.

वारा पडला. माडांच्या झावळ्या थांबल्या. फाटकाच्या आत पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ उभा होता. फाटक वाजलं नव्हतं.

“तारीख आजचीच ना?” त्यानं अदबीनं विचारलं.

“संध्याकाळची.”

“सिम्हाबाई एझ्रा झिराडकर?”

“ते नाव काढा. एझ्रा मोझेस झिराडकर घ्या. आरोप काय ते माझ्यावर.”

त्यानं मान डोलावली.

आत कपबशा वाजल्या म्हणून मी वळून पाहिलं. पुन्हा बघतो तो फाटकाशी कोणी नव्हतं.

काकू चहा ठेवून गेल्या आणि “गूळ वरच राहिला” म्हणत माळ्याची शिडी चढल्या. भरभर. वरून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं.

काका तृप्त हसले. कोयता उचलायला वाकले आणि मध्येच पायरीवर टेकले. श्वास पुरत नव्हता.

“बरं वाटतंय ना?”

“झकास.”

मग ते थोडे डावीकडे सरकले. उजव्या हाताला जागा झाली. मी बसायला गेलो.

त्यांनी हात आडवा धरला.

“तिथं नको.”