अर्धं कापलेलं पुस्तक

हे खरं घडलेलं आहे.

ज्याच्या बाबतीत घडलं तो तोर्मोद अडुसष्ट वर्षांचा आहे. जन्मभर त्याने नॉर्वेतल्या एका बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आजही तो नाहीच म्हणतो.

पण डोंगरावरच्या त्याच्या सुट्टीच्या केबिनचं आतलं दार तो आता कधी बंद करत नाही.

गोष्ट सुरू होते ती हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी. ईस्टर संपल्यानंतरचा मंगळवार होता. तोर्मोद आणि त्याची बायको आस्लाउग डोंगरावरून नुकतेच घरी पोचले होते. तो गाडीवरून स्की उतरवत होता. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने हातात एक पाकीट घेऊन दारात उभी राहिली.

"हॉस्पिटलचं आहे," ती म्हणाली. "आधी त्या स्की खाली ठेव."

त्याने ठेवल्या.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. फार पुढे गेलेला.

जूनच्या अकरा तारखेला ती गेली.

तोर्मोद रडला नाही. तो संतापला. एवढा मोठा आजार, आणि डॉक्टरांना एप्रिलपर्यंत पत्ता नाही? काय झोपा काढत होते? त्याने हॉस्पिटलला तक्रारीची तीन पत्रं लिहिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, पत्नीने घातलेल्या अटीमुळे तपशील देता येत नाही. तो आणखी भडकला. अटीमागे लपतात, म्हणाला. जो भेटेल त्याला तो हे ऐकवत होता. आस्लाउगची थोरली बहीण गुन्वोर हिने तर ते पन्नास वेळा ऐकलं असेल. ती खाली मान घालून विणत राहायची.

आता पुस्तकाचं सांगायला हवं.

ईस्टरला वर डोंगरात जायचं, उन्हात बसून संत्री सोलायची आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या, हे तिकडे सगळेच करतात. तोर्मोद आणि आस्लाउगची एक ठरलेली मालिका होती. लाइडुल्फ नावाचा पोलीस अधिकारी. भिजलेला कोट, दुखरी दाढ, आणि दर वर्षी एक खून. दोघांनाही पुस्तक आधी हवं असायचं आणि दोन प्रती घ्यायला आस्लाउग तयार नव्हती. म्हणून पहिल्याच वर्षी तोर्मोदने पावाच्या सुरीने पुस्तक मधोमध कापलं. पहिला अर्धा तिला. तो संपवून तिने दुसरा घेतला की पहिला याला. ती भराभर वाचायची. त्याची दोन पानं होईपर्यंत तिची तीन. पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायची... टच. मग पान... सर्र.

आणि जिथे तिला पहिला संशय यायचा तिथे समासात पेन्सिलने एक ठिपका काढायची. त्याला चिडवायला.

"ठिपका दिसला का?" ती विचारायची.

"दिसला. तिथे तर एक म्हातारी बटाटे सोलतेय."

"मग बटाट्यांकडे बघ, इंजिनवाल्या!"

मालिकेच्या चौथ्या भागात लाइडुल्फची धाकटी बहीण बोटीवरून बेपत्ता झाली. कुठे गेली, जिवंत आहे का, लेखकाने सांगितलं नाही. पुढच्या प्रत्येक भागात एखादी ओळ यायची, आणि परत गप्प. आस्लाउगला त्या बहिणीचं वेड लागलं होतं. चौदा वर्षं ती वाट बघत होती.

त्या शेवटच्या ईस्टरला अठरावा भाग होता. तोर्मोदने कापला, आणि आस्लाउगने हात पुढे केला.

दुसऱ्या अर्ध्यासाठी.

"हे काय? शेवट आधी वाचणार?"

"यंदा वाचते."

"इतक्या वर्षांत हे पाप केलं नाहीस."

"आता केलं."

"मला सांगू नकोस काही."

"मेले तरी सांगणार नाही."

दोन तासांत तिने तो संपवला. दोन्ही तळहातांनी फट्‌कन मिटला, ती नेहमी मिटायची तसा. "यंदाही नाही सांगितलं त्याने," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. तोर्मोदला राग आला. सगळी मजा घालवलीस, म्हणाला. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

मे महिन्यात, हॉस्पिटलच्या खाटेवर, ती एकदा म्हणाली होती, "तोर्मोद, ती बहीण कुठे गेली तेवढं कळायला हवं होतं रे."

एकोणिसावा भाग पुढच्या मार्चमध्ये आला. कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की या भागात बहिणीचा पत्ता लागणार.

तोर्मोदने तो विकत घेतला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. ईस्टरला केबिनवर जाईपर्यंत फोडला नाही.

सोबत गुन्वोर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"तू एकटा वर गेलास तर सूप जाळशील आणि स्वतःलाही," ती म्हणाली. "शिवाय मला उन्हात बसायचंय. तुझ्याशी बोलायला नाही येत."

गुरुवारी संध्याकाळी ते पोचले. केबिनला वीज नाही, पाणी नाही. बर्फ वितळवायचा, चूल पेटवायची. रात्री ताजा बर्फ पडला, घोट्याएवढा.

शुक्रवारी सकाळी तोर्मोदने प्लास्टिक फाडलं, पावाची सुरी घेतली आणि पुस्तक मधोमध कापलं.

कापून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"कोणासाठी रे?" गुन्वोर दारातून म्हणाली. "मी नाही हं वाचत ते मुडदे."

त्याने सुरी टेबलावर आपटली. दुसरा अर्धा घड्याळाशेजारच्या फळीवर ठेवला आणि पहिला घेऊन चुलीपाशी बसला. गुन्वोर विणकाम आणि घोंगडी घेऊन बाहेर गेली, भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. खिडकीतून तिची लाल टोपी दिसत होती.

सकाळचे साडेदहा. बाहेर डोळे दिपतील एवढं ऊन. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं असल्या गोष्टी अंधारातच होतात.

तो वाचू लागला.

चौथ्या की पाचव्या पानावर त्याला ऐकू आलं...

टच.

मग... सर्र.

त्याने मान वर केली. चुलीत लाकूड तडकलं असेल.

तो पुढे वाचू लागला. त्याने पान उलटलं.

आतल्या खोलीत... सर्र.

आतली खोली म्हणजे दोन खाटांची जागा. दार लोटलेलं होतं. त्याने श्वास रोखला. काहीच नाही. गुन्वोरची टोपी खिडकीत होती तिथेच होती.

त्याने आणखी एक पान उलटलं. आतून एक आवाज आला. पुन्हा उलटलं, तर आतून दोन.

त्याची दोन. तिची तीन.

पण त्याला भीती वाटली नाही, राग आला. तो उठला आणि दार ढकललं.

आत कोणी नव्हतं.

खोलीत श्वासाची वाफ दिसेल एवढी थंडी होती. खिडकीकडच्या खाटेवरचं मेंढीचं कातडं मध्ये दबलेलं होतं, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं. आणि वास...

संत्र्याचा. ताज्या, नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा.

तो मागे वळला. फळीकडे बघितलं.

दुसरा अर्धा तिथे नव्हता.

तो तसाच मोज्यांवर बाहेर गेला.

"पुस्तक कुठंय?"

"कुठलं पुस्तक?"

"नाटकं करू नकोस, गुन्वोर! फळीवरचा अर्धा. मी आतल्या खोलीत गेलो तेव्हा उचललास."

"मी इथून हललेले नाही. बर्फ बघ की! पाऊल दिसतंय का? सकाळी आले तेवढंच."

त्याने बघितलं. दारापासून तिच्या बसण्यापर्यंत एकच रांग होती. परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

"मग संत्रं कोणी सोललं?"

"मी संत्री खाते का कधी? तोंड येतं मला!" तिने सुया खाली ठेवल्या. "काय झालंय तुला? पांढरा पडलायस."

"तू मला वेडा करायला आलीस का इथे? तिच्या सवयी तुला माहीत आहेत. पानांचे आवाज, संत्र्याचा वास, सगळं! कशासाठी करतेस हे?"

"मी काही केलेलं नाही."

"खोटं बोलतेस!"

गुन्वोर उभी राहिली. सत्तर वर्षांची बाई, पण त्याच्या छातीवर बोट रोवून उभी राहिली.

"तुझ्याशी मी एकदाच खोटं वागले, तोर्मोद. आणि ते याबद्दल नाही."

"कशाबद्दल?"

बोलून बसली हे तिला कळलं होतं.

"कशाबद्दल, गुन्वोर?"

"तिला फेब्रुवारीतच कळलं होतं."

तोर्मोदला आधी समजलंच नाही.

"सहा फेब्रुवारीला. मी सोबत गेले होते. डॉक्टरने त्याच दिवशी सगळं स्पष्ट सांगितलं. कोणाला सांगायचं नाही अशी अट तिनेच लिहून दिली. तुला दाखवलेलं ते पाकीट... ते तेव्हापासून तिच्या कपाटात होतं."

"का?"

"ईस्टर हवा होता तिला. नेहमीसारखा. तू कुरकुर करणार, ती चिडवणार, पुस्तक कापणार. ती म्हणाली, त्याला सांगितलं तर तो पूर्ण ईस्टरभर माझ्याकडे बघत बसेल, पुस्तकाकडे नाही."

"आणि तू मला वर्षभर त्या डॉक्टरला शिव्या घालू दिल्यास?"

"तिने शपथ घातली होती!"

"ती मेली, गुन्वोर! शपथ कोणासाठी पाळत होतीस?"

गुन्वोर रडायला लागली. त्याला तिची दया आली नाही.

एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे येत होती. त्या ईस्टरला ती स्कीवर गेली नव्हती, गुडघा दुखतो म्हणाली होती. कॉफी टाकून देत होती. आणि तिने शेवट आधी मागितला होता. पुढच्या भागापर्यंत आपण नसणार, हे तिला माहीत होतं. अठरा खून वाचलेल्या माणसाला हे एवढंही दिसलं नव्हतं. उलट तो दोन दिवस रुसून बसला होता. तिच्याजवळ जे दिवस उरले होते, त्यातले दोन.

तो आत आला. मागोमाग गुन्वोर.

तेवढ्यात...

टच.

सर्र.

गुन्वोरने त्याची बाही घट्ट धरली.

"ऐकलंस?" ती कुजबुजली.

या वेळी आतलं दार बंद होतं. त्याने ते उघडं टाकलं होतं.

तोर्मोद दारासमोर उभा राहिला आणि ओरडला. एवढ्या मोठ्याने तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

"आता वाचतेस? मला सांगायचं होतंस! मी तुझा नवरा होतो की कोण होतो? बहिणीला सांगतेस, आणि मला गुडघा दुखतो म्हणून सांगतेस? मी त्या ईस्टरला तुझ्याशी बोललो नाही, आस्लाउग! का नाही सांगितलंस मला?"

आत पानं उलटत राहिली.

भराभर. शेवट जवळ आला की ती वाचायची तशी. गुन्वोर देवाचं नाव घेत होती. तो दाराला हात लावू शकला नाही.

किती वेळ गेला, त्या दोघांनाही सांगता येत नाही.

मग आतून...

फट्.

दोन्ही तळहातांनी मिटल्यासारखं.

नंतर पूर्ण शांतता.

तोर्मोदने दार उघडलं. खोली रिकामी. खाटेजवळच्या खुंटीला संत्र्याचं साल लटकत होतं, न तुटता सोललेलं एकच लांब साल. चूल पेटवायला कामी येतं म्हणून आस्लाउग ती तशी वाळत टाकायची.

हे मात्र वाळलेलं नव्हतं. त्यातून रस ठिबकत होता.

संत्र्याचा गर कुठेच सापडला नाही.

दुसरा अर्धाही नाही. दोघांनी खाटांखाली शोधला, लाकडांच्या पेटीत, माळ्यावर, बाहेरच्या संडासात. तूच चूल पेटवायला जाळला असशील, असं गुन्वोर घाबरत म्हणाली. त्याने चुलीतली राख चाळून बघितली. काही नव्हतं. केबिनभोवती बर्फात त्यांच्या पावलांशिवाय एकही खूण नव्हती.

शनिवारी सकाळीच ते खाली उतरले. घराशी गाडीतून उतरताना गुन्वोर म्हणाली, "मला माफ कर." तो म्हणाला, "अजून नाही."

घरी येऊन त्याने हॉस्पिटलला चौथं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. आधीची तिन्ही मागे घेतो, चूक माझी होती.

मग त्याने पुस्तकाचा पहिला अर्धा उघडला. शुक्रवारी तो जिथे थांबला होता तिथे.

समासात पेन्सिलचा एक ठिपका होता.

ती प्रत त्याने स्वतः प्लास्टिकमधून काढली होती. ते पान त्याने वाचलं होतं, आणि तेव्हा तिथे ठिपका नव्हता. केबिनवर पेन्सिलही नव्हती. ठिपक्याशेजारची ओळ अगदी साधी आहे. एक माणूस धक्क्यावर उभा राहून दोरी गुंडाळतो. त्याने ती शंभर वेळा वाचली असेल. त्यात काय आहे ते त्याला कळत नाही.

गुन्वोरने नवी प्रत आणून देते म्हणून फोनवर सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. त्याच्या रस्त्यावरच्या दुकानात ते पुस्तक समोरच रचून ठेवलेलं आहे. तो त्याच्यासमोरून रोज जातो. दोनदा हातात घेतलं आणि परत ठेवलं. अजून रागावलेला आहे तो. आस्लाउगला शेवट कळला, आणि याही वेळी तिने त्याला काही सांगितलं नाही.

वाचून झालेला पहिला अर्धा त्याच्या टेबलावर आहे. शेवटची एकशे ऐंशी पानं, म्हणजे तो नाहीसा झालेला अर्धा, त्याने अजून वाचलेली नाहीत.