परातीतली बेटं

सुरतेतल्या कतारगाममधल्या माझ्या खोलीत दुपारी लूम-कामगारांची मुलं शिकायला येतात. त्या आठवड्यात बेटं शिकवायची होती. मी मोठी परात घेतली, तापीकाठची माती आणली आणि मुलांनी अरबी समुद्रातली बेटांची माळ केली. लूमवरच्या टाकाऊ हिरव्या धाग्यांचे माड झाले, किनाऱ्याला वाळू धरून ठेवणारा केवडा झाला. भोवती नळाचं पाणी.

विशाखाने एका बेटावर काड्यांची झोपडी रोवली. तिचे बाबा, धम्मरत्न, तिथे बांधकामावर गेले होते. तिकडे वादळ होतं, दोन दिवस त्यांचा फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळे माड ईशान्येकडे झुकलेले.

"नैर्ऋत्येचा वारा झाडांना असाच वाकवतो," मी हौसेने शिकवलं. मग लक्षात आलं, खिडकी बंद होती.

सागरने परातीत बोट बुडवून चाटलं. "गुरुजी, पाणी तो खारुं छे!"

"तूच मीठ टाकलं असशील, चाप्टर," विशाखा म्हणाली. पण तिला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही बघत असताना पाणी चढू लागलं. कुणी ओतत नव्हतं. केवडा बुडाला. पाणी काड्यांना टेकलं.

"गुरुजी, माह्या बाबाचं घर बुडते ना जी!"

मातीची पिशवी रिकामी होती. मी शेजारच्या बेटाला हात घातला.

"तिथं कोणी राहत असन त?"

पुस्तकात तिथे वस्ती नव्हती. "कुणी नाही गं," म्हणत मी ते अख्खं बेट उचलून तिच्या ओंजळीत दिलं. तिने ते झोपडीमागे थापलं, बोटांनी घट्ट दाबलं.

पाणी थांबलं.

चौथ्या दिवशी वर्गातच माझा फोन वाजला. धम्मरत्न होते. विशाखाने उडीच मारली.

"पाणी घरात शिरलं जी," ते सांगत होते. "पण मागं एक टेकाड निघालं. आधी नव्हतं. आम्ही सारे त्याच्यावर बसून वाचलो. त्याच्यावर बोटं दाबल्यासारख्या खाचा हायेत, एकेकीत माणूस झोपन एवढ्या."

विशाखा आपली बोटं बघत हसत होती.

मी हळूच विचारलं, "आणि शेजारचं बेट?"



"रोज सकाळी तिथून चुलींचा धूर दिसे जी. आज समोर नुसतं पाणी हाये."

फोन ठेवला. माझ्या नखांत ती माती अजून होती. मी हुंगून पाहिली.

धुराचा वास आला.