बिराप्पाची बायको

"ए पोरी, मरायचंय का? बाजूला हो!"

ट्रक माझ्या पुढ्यात येऊन कचकन थांबला. एकाहत्तर साल, उंब्रजच्या अलीकडचा हमरस्ता. दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस रेंगाळतच होता. डोक्यावर घोंगडं घेऊन मी भर रस्त्यात हात आडवे करून उभी होते आणि माझ्यामागे आमची मेंढी व्यायला बसली होती. माझे वडील, आण्णा, कळप घेऊन पुढं ओढ्याकडे गेले होते.

"मी न्हाई सरायची," मी म्हणाले. "मेंढी अडलीया. गाडी बंद करा... आवाजानं भेतीया ती."

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. कपाळाला चिकटलेले ओले केस, आणि डोळे – रागावलेले, पण आत कुठंतरी हसू दडवणारे. त्यानं खरंच इंजिन बंद केलं. खाली उतरून ताडपत्री सोडली, एक टोक ट्रकला अडकवलं आणि दुसरं हातात धरून मेंढीवर आडोसा करून उभा राहिला. मागे गाड्या तुंबल्या. कुणी हॉर्न वाजवला की हा ओरडायचा, "बाळातपण चाललंय रं! दम धरा!"

मला हसू आवरेना.

"नाव काय तुजं?" त्यानं विचारलं.

"माजं का मेंढीचं?"

"मेंढीला कशाला इचारू... ती कामात हाय."

"हरणा," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, घोंगडं जरा पुढं ओढून घेतलं.

त्यांचं नाव बिराप्पा. ते होते तोवर मी कधी ते तोंडानं घेतलं नाही. आता त्यांची गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागतं. कवठे महांकाळच्या पल्याड आमची दोघांची गावं जवळजवळच. त्यांच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, पण यांनी काठी टाकून स्टेअरिंग धरलेलं.

मेंढरं चारत फिरून आम्ही गावी परतलो आणि त्यांचा ट्रक आमच्या विहिरीपाशी थांबायला लागला. रेडिएटरला पाणी पाहिजे म्हणून.

"तुमची गाडी आमच्याच हिरीपाशी कशी तापती वं?"

"तिलाच इचार. मी म्हंतो, पुढं चल... ऐकतच न्हाई."

पाणी ओतता ओतता ते सांगायचे – हावड्याचा पूल, मद्रासचा समुद्र, दिल्लीची थंडी. थंडीनं डिझेल गोठतं, पहाटे टाकीखाली जाळ करावा लागतो म्हणायचे. मी कमरेवर कळशी घेऊन ऐकत राहायची. पाणी भरून झालेलं असायचं, तरी आमचं दोघांचं लक्ष नसायचं.

पुढं त्यांची आई, तानुबाई, मागणी घालायला आली. आण्णांनी तिला चहा पाजला, मान दिला... आणि नकार दिला.

"ड्रायव्हराला पोरगी द्यायची न्हाई. त्यांची गावोगाव घरं असत्यात."

त्या रात्री मी ताट तसंच सारलं. पण रडले नाही. सकाळी आण्णांना म्हणाले, "गावोगाव घरं हायती म्हंता, तर एकदा जाऊन बघा की. असलं एखादं, तर मी पुन्यांदा नाव काढनार न्हाई."

मी आपली चिडून बोलले होते. पण आण्णा म्हणजे बोलल्या शब्दाला धरून चालणारा माणूस. त्यांनी धोतर-बंडी गाठोड्यात बांधली आणि सांगलीला जाऊन थेट बिराप्पाच्या ट्रकमध्ये चढून बसले. हळद भरलेली होती, गाडी इंदूरला निघालेली. "मी बी येतो," एवढंच म्हणाले. कशासाठी, ते काही बोलले नाहीत.

ते दिवस मला सरता सरेनात. शेरडं सोडायची, परत बांधायची आणि रस्त्याकडे बघायचं. खरंच कुठं घर निघालं तर... हा विचार आला की हातातलं काम हातातच राहायचं.

मग एका दुपारी ट्रक दारात आला. आण्णा उतरले, चेहरा तांबडालाल. बिराप्पा स्टेअरिंगवरच बसून, मान खाली.

"हे पोरगं खोटारडं हाय!" आण्णा गरजले.

आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"सेंधव्याच्या धाब्यावर सरदारजीला मी इचारलं, ह्याचं हिकडं कोन हाय का? तर तो म्हनला, ह्याचं लगीन झालंय! पुढच्या धाब्यावर तेच. इंदूरच्या अड्ड्यावर तेच!"

"आगं बाई! कुनासंगं?" आईनं विचारलं.

"हिच्यासंगं!" आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "हरणा म्हनं. सांगलीकडची. सगळ्या हिंदुस्थानाला ठावं हाय, आमालाच न्हाई!"

कानापर्यंत तापले मी. बिराप्पा खाली उतरून अंगणात उभे राहिले.

"मामा, लोक इचारत्यात, घरी कोन कोन हाय? लगीन झालंय म्हटलं की गप बसत्यात. पर मग बायकोचं नाव इचारत्यात..." ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "तवा दुसरं नाव तोंडात आलंच न्हाई."

मग आण्णांच्या मिशा हलायला लागल्या... हसू दाबत होते.

"माज्या घरात खोटं चालत न्हाई," ते म्हणाले. "तवा एवढं खरं करून टाका. काय गं हरणे?"

मी पदर बोटाला गुंडाळत म्हटलं, "आदी त्यास्नी इचारा, बायको कशी हाय म्हनून सांगितलं?"

"लय बोलती म्हनून," बिराप्पा म्हणाले.

लग्नानंतर पाठोपाठ दुष्काळ आला. ते कराडकडून चारा आणायचे, आमच्या भागातल्या गुरांच्या छावण्यांवर उतरवायचे. पुढं दोन लेकी झाल्या, एक मुलगा झाला. फेरीवरून आले की आधी न्हायचे, मग पोरांना कुशीत घ्यायचे. डिझेलचा वास लेकरांना लागू नये म्हणून. सुट्टीत आम्हाला सगळ्यांना केबिनमध्ये कोंबून कोकणात न्यायचे.

पुढं त्यांची नजर अधू झाली आणि गाडी सुटली. मागच्या वर्षी गेले, लेकीच्या हातचं जेवून, आपल्या घरात, शांतपणे. पण त्याआधी एकदा आम्ही एस.टी.नं कराडला गेलो, ते मला आठवतं. प्रत्येक वळणाला ते ब्रेक मारल्यासारखा उजवा पाय खाली दाबायचे. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "आवं, गाडी दुसरा चालवतोय."

"ड्रायव्हर दुसरा आसंल," ते म्हणाले, "पर गाडीत बसलेलं मानूस माजं हाय न्हवं?"