अर्धा इंच जास्त

मल्लेश्वरममधल्या आमच्या वरच्या मजल्यावर वारा असा शिरतो की विचारू नका! मार्चमधल्या एका शनिवारी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन आपटली आणि काचेचे तुकडे थेट खाली, धनलक्ष्मीअक्कांच्या अंगणात. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. त्या कन्नडमिश्रित हिंदीत बोलतात. मी पुण्याची, बंगळुरात नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेली, कन्नडच्या नावानं बोंब. पण त्यांचा ओरडा मला अक्षर न् अक्षर समजला. काच आजच्या आज बसली पाहिजे!

इथल्या शिवाजीनगरला एका काचेच्या दुकानात मी हातवारे करून खिडकी समजावत होते. समोरचा तरुण गंभीरपणे माना डोलावत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"जेवलो गं आई... हो, भाकरी खाल्ली. गिऱ्हाईक आलंय, ठेव."

"अय्या! तुम्ही मराठी? मग मघापासून माझं नाटक कशाला बघत बसलात?"

"छान चाललं होतं की," तो हसला. "मध्ये कशाला तोडायचं?"

मालोजी त्याचं नाव. आजोबा निपाणीकडून आलेले, तेव्हापासून घर इथंच. त्याच्या मराठीत मध्येच 'बरं'च्या जागी 'सरी' यायचं, 'अक्का' यायचं. दुकान त्याच्या काकांचं, मल्हाररावांचं.

तो माझ्याबरोबर माप घ्यायला आला. मला वाटलं, टेप लावला, आकडा लिहिला, झालं. पण हा वर मोजतो, मध्ये मोजतो, खाली मोजतो...

"तीन-तीनदा कशाला?"

"लाकूड सरळ कधी नसतं, मॅडम. तिन्हींतलं सगळ्यात कमी ते धरायचं. आणि त्यातनं दोन सूत, म्हणजे पाव इंच, अजून सोडायचं."

"ते का?"

"घट्ट बसवली तर काच तडकते. जरा मोकळीक लागते तिला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुणालाही लागते."

त्याच्या खिशातला पिवळा टेप साधा नव्हता. त्यांच्या दुकानात ज्याच्याकडे टेप, तोच माप घेणार. सहा वर्षं त्यानं नुसत्या काचा वाहिल्या आणि पुट्टी मळली, तेव्हा कुठे काकांनी सगळ्या कामगारांसमोर टेप त्याच्या हातात दिला. गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप घ्यायचं नाही, हा काकांचा कायदा. हे सांगताना गडी असा ताठ उभा राहिला की मला हसू आवरेना. आणि हसता हसता... जाऊ दे. तो मला आवडला, एवढंच.

मग काय! न्हाणीघराच्या झडपेला तडा दिसला. देवघराच्या कपाटाची काच हलते, असं वाटायला लागलं. प्रत्येक वेळी मालोजी यायचा. 'मॅडम'ची मुग्धा झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी चहा करायची, तो पट्टीला बारीक खिळे ठोकायचा. त्याची बोटं पुट्टीवरून सरळ रेषेत सरकायची आणि माझा चहा उतू जायचा.

"तुझ्या घरातल्या काचा संपत आल्या," एकदा तो म्हणाला. "पुढं काय फोडणार?"

"तुझं डोकं."

"ते आधीच गेलंय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढचं कोणी बोलायचं? मी तर जगाची बडबडी, पण तिथं माझी दातखीळ बसायची. शिवाय खाली अक्का होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, एकटी मुलगी म्हणून विश्वासानं घर देते, मित्रबित्र घरी चालणार नाहीत. दुसरीकडे असं घर मिळणं मुश्कील होतं.

राहिला होता गच्चीचा दरवाजा. त्याची वरची काच खरोखरच फुटली होती. तिथं चांगली जाड, सहज न फुटणारी टफन काच लावायची, असं अक्कांनीच ठरवलं. त्या आठवड्यात मालोजी इंदिरानगरच्या एका मोठ्या कामात अडकला होता.

"मुग्धा, तूच माप घेऊन पाठव. शिकवलंय ना तुला?"

"आणि काकांचा कायदा?"

"तुझ्यावर भरवसा आहे माझा."

मी माप घेतलं. वर, मध्ये, खाली. अगदी बरोब्बर. मग घरातला टेप हातात धरून बसले. ही शेवटची काच... ती बसली की हा कशाला येईल? आणि मला ती अवदसा आठवली. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच वाढवला आणि आकडे पाठवून दिले. काच बसणार नाही, हा परत नेईल, किनार कापून पुन्हा आणेल. तेवढीच आणखी एक चक्कर. गालातल्या गालात हसत होते मी!

शनिवारी काच आली. चौकटीत जाईना. मालोजीनं खिशातून टेप काढला, तीन ठिकाणी लावला, आणि काच भिंतीला टेकवून ठेवली.

"कापून आण ना," मी म्हणाले. "घाई नाही मला."

"मुग्धा, ही टफन काच आहे. भट्टीतनं काढल्यावर कापता येत नाही. कापायची कलम लावली तर भुगा होतो. ही... वाया गेली."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण दारात अक्का उभ्या होत्या.

"काय झालं? माप चुकलं? चला दुकानात! मालकालाच विचारते!"

दुकानात मल्हारराव काऊंटरपाशी उभे होते. पांढऱ्या मिशा, शांत माणूस. कामगार हातातलं काम टाकून बघायला लागले. अक्कांनी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माप कुणी घेतलं?"

मालोजीनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी पाठवलेले आकडे त्याच्या फोनमध्ये होते, फोन खिशात होता. त्यानं तिकडे हातही नेला नाही.

अक्का माझ्या शेजारीच. मी खरं बोलले तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मुद्दाम का केलंस? मग काय सांगणार होते? दहा माणसांत, त्यांच्यासमोर?

"त्यांनीच घेतलं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझं मेलं तोंड! "एवढी वर्षं हेच काम करतात, नीट मोजायला नको?"

"बरोबर आहे," मालोजी म्हणाला. "माझी चूक आहे, काका."

मल्हाररावांनी हात पुढे केला. मालोजीनं खिशातून टेप काढून त्या हातावर ठेवला आणि मागच्या बाजूला काचा उचलायला निघून गेला. मी तशीच उभी. अक्का म्हणाल्या, "चल." आणि मी चालायला लागले.

नवं माप घ्यायला मल्हारराव स्वतः आले. काच बसवायला दुसराच कामगार आला. मालोजीला फोन लावायला बोट पुढे व्हायचं आणि मागे यायचं. आज नको, उद्या बोलू... उद्या उद्या करत सोळा दिवस काढले मी. लाज वाटते सांगायला, पण काढले.

सतराव्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि रिक्षा करून दुकान गाठलं. काऊंटरपाशी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"काका, माप त्यानं घेतलं नव्हतं. मी दिलं होतं. आणि मुद्दाम चुकीचं दिलं होतं."

मल्हाररावांनी चष्मा काढला. "ते मला त्याच दिवशी कळलं, पोरी. हे पोरगं दोन्ही बाजूंना सारखंच चुकेल होय? मी विचारलं त्याला. म्हणाला, ती येऊन सांगेल, काका. रोज दुकान बंद होईपर्यंत रस्त्याकडं बघत बसायचा. गेल्या सोमवारी मात्र म्हणाला, मला हुबळीला आत्याच्या दुकानात पाठवा. गेला तिकडं."

मी तिथूनच फोन लावला. त्यानं उचलला.

"मालोजी, तू परत यावास म्हणून केलं रे मी ते. मला तू आवडतोस. हे आधी बोलायला हवं होतं..."

"माहीत होतं," तो म्हणाला. "चौकटीला टेप लावला तेव्हाच कळलं. खरं सांगू? आनंद झाला होता मला. त्या दिवशी काकांपुढं तू नुसतं 'मी केलं' म्हणाली असतीस ना, मी तिथंच लग्नाचं विचारलं असतं."

"मग आता विचार ना..."

पलीकडे कुणीतरी काच ठेवल्याचा आवाज आला.

"राग गेलाय माझा, मुग्धा. पण 'नीट मोजायला नको?' म्हणालीस, ते ऐकू येत राहतं. कुठलाही टेप हातात घेतला की ऐकू येतं. नाही जमणार मला. जपून राहा."

घरी आले तेव्हा अक्का अंगणात शेंगा सोलत होत्या. आता लपवायला उरलंच काय होतं? मी समोर बसले आणि माप मुद्दाम चुकवलं ते, का चुकवलं ते, सगळं सांगून टाकलं. त्या फोनचं तेवढं सांगायचं राहिलं. घर सोडायला सांगितलं तरी चालेल, असंही म्हणाले.

"अय्यो!" अक्का म्हणाल्या. "घर कशाला सोडतेस? फुटलेली नसताना काच बदलायला येणारा मुलगा... मला काय डोळे नाहीत? मी वाटच बघत होते, ही कधी सांगते म्हणून." मग माझ्या मागे फाटकाकडे बघत त्यांनी विचारलं, "चांगला होता गं. कुठे आहे तो? घेऊन यायचंस ना बरोबर."