चार बोटे अंतर

ही हकिकत रचलेली नाही. ज्या घरात ती घडली ते घर पनवेलजवळच्या विचुंब्यात आजही आहे. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या बैठकीच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर, एक रिकामा खिळा आहे. तो कुणी काढत नाही.

रात्री काही घडले असते, तर भावेशने ते स्वप्न म्हणून सोडून दिले असते.

पण ते दुपारी घडले. २०१० सालच्या मे महिन्यातला मंगळवार. अडीचचा सुमार. बाहेर लख्ख ऊन होते.

भावेशचा थोरला भाऊ गणू कबड्डी खेळायचा. गावात त्याच्या चढाईचे नाव होते. चढाईचा नियम साधा आणि निष्ठुर असतो. मध्यरेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरल्यापासून आपल्या अंगणात परतेपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार तुटता कामा नये. ज्या दमात जायचे, त्याच दमात परतायचे. मध्येच श्वास घेतला की माणूस बाद.

फेब्रुवारीत गावच्या मैदानावर अंतिम सामना झाला. भावेशने पहिला अर्धा पाहिला. तो पिंपळाखाली उभा होता, गणूच्या संघाच्या मागे; समोरच्यांच्या मागे शाळेची भिंत होती. गणू चढाईवरून परतला की धापा टाकत त्याच्याकडे पाहून एक भुवई उडवायचा.  गर्दी, शिट्ट्या, हरण्याची भीती, यातले काहीच त्याला सोसत नसे. मध्यंतरातच तो घरी निघून गेला.

शेवटची चढाई त्याने पाहिली नाही.

लोकांनी सांगितले ते एवढेच. पाच जणांनी गणूला धरले. दोघांनी खांदे, दोघांनी कंबर, एक छातीवर पडला. त्या ढिगाखालूनही उच्चार ऐकू येत होता. गणूचा हात रेषेकडे सरकत होता. चार बोटे अंतर उरले...

आणि उच्चार थांबला.

पंचांनी शिट्टी वाजवली. पाचही जण उठले. गणू उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले.

गेलेल्या माणसाच्या अंगावरचे शेवटचे कपडे दहाव्याला खाडीत सोडायचे, अशी त्यांच्या घरातली रीत. भावेश पिशवी घेऊन खाडीवर गेला. पँट सोडली. जर्सी मात्र त्याने पोटाशी धरून परत आणली आणि कपाटात लपवली. निळी, बिनबाह्यांची, सात नंबरची. उजव्या खांद्यावर उसवलेली. मैदानाची लाल माती तिच्यावर तशीच वाळलेली होती. आणि तिला गणूचा वास होता.

आईला, रंभाबाईंना, त्याने सांगितले, "सोडले सगळे."

एप्रिलमध्ये तो जर्सी घेऊन जुन्या पनवेलमधल्या तुळशीराम फ्रेमवाल्याकडे गेला. म्हातारा चष्म्याच्या वरून बघत एकेका चौकटीचा कोपरा जर्सीवर ठेवून पाहत होता.

"सोनेरी नको. ती लगीनवाल्यांना शोभते. सागवानी घेतलीस तर माती तिच्यात हरवंल. काळी घे. काळीत निळा उठून दिसंल."

"काळीच द्या."

"धुऊन तरी आनायची व्हती, पोरा."

"धुवायची नाही."

"बरं. तुझा राजा खेळून दमलाय, आमी कोन त्याला आंघोळ घालनार?" म्हातारा हसला. भावेश हसला नाही, तेव्हा म्हाताऱ्यानेही हसू आवरले. "शर्टाला खोल चौकट लागते, पेटीसारखी. काच कापडाला टेकली की ओल धरते. मागच्या फळीला दोन बारीक भोकं ठेवतो, हवेला."

"भोके नकोत."

"का?"

भावेशला सांगायला लाज वाटली. पण सांगितले. "वास जाईल."

तुळशीरामने हातातला कोपरा खाली ठेवला. "मी फोटो कोंडतो. फोटोला काय होत नाय. हे अंगातलं कापड हाय. त्याला हवा लागते."

"पूर्ण बंद करा. चारही बाजूंनी."

"तुमी सांगाल तसं," म्हातारा म्हणाला. मघापर्यंत तो भावेशला 'तू' म्हणत होता.

चार दिवसांनी चौकट मिळाली. जर्सी आत ताणून बसवली होती. तुळशीरामने टाचण्या कुठे मारल्या ते बोटाने दाखवले. दोन खांद्यांना, दोन कमरेला, एक छातीशी.

"आन खाली चार बोटं जागा सोडलीय. दिसायला बरं."

भावेशने त्या पाच टाचण्या आणि ती चार बोटे पुन्हा एकदा मोजली. मग पैसे देऊन चौकट उचलली. 

चौकट भिंतीवर लागली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"खाडीत सोडली म्हनलास."

"नाही सोडली."

ती रडली नाही. बराच वेळ काचेकडे पाहत राहिली. "त्याला घरात आनलास," ती म्हणाली, "पन आत नाय घेतलास."

त्या दिवसापासून ती त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागली.

पहिली खूण तिसऱ्या दिवशी दिसली.

उन्हाळ्याची कोरडी दुपार होती. काचेवर, जर्सीच्या गळ्याच्या जरा वर, बताशाएवढा धुरकट डाग होता. भावेशने रुमालाने पुसला. डाग गेला नाही.

तो आतून होता...

आणि तो लहान होत नव्हता. वाढतच होता. अगदी सावकाश. कुणीतरी काचेला तोंड लावून नुसता श्वास सोडत असावे, आणि परत घेत नसावे.

दुसरी खूण त्याने बोटांनी मोजली. जर्सीची खालची कड आणि चौकट यांच्यात आता तीनच बोटे होती. टाचण्या जागच्या जागी होत्या. कापड फाटले नव्हते. तरी तीन. शनिवारी दोन.

"आई, ही खाली सरकते आहे का?"

"मला काय इचारतोस," आई पाठमोरीच म्हणाली. "तूच कोंडलायस."

आणि ज्या वासासाठी त्याने हे सगळे केले, तो वास घरात कुठेच उरला नव्हता. कपाटात नाही. गणूच्या उशीत नाही. घरातून एक एक करून सगळे वास जाऊ लागले. भाताचा, उदबत्तीचा, सुक्या बोंबलाचा. भावेशला वाटे, घरातली हवाच कुणीतरी थोडी थोडी वापरून संपवते आहे.

मग तो मंगळवार आला.

आई मासळी आणायला गेली होती. भावेशने आतून कडी लावली आणि जमिनीवर आडवा झाला. अडीच वाजता नेहमीप्रमाणे भारनियमनात वीज गेली. पंखा मंदावला. खट्... खट्... करत थांबला.

खालच्या गल्लीतला आवाज थांबला. कावळे थांबले.

आणि मग ते ऐकू आले.

फार हळू. काचेच्या आतून. कुजबुजीसारखे.

कबड्डी... कबड्डी... कबड्डी...

आवाज गणूचा होता. याबद्दल भावेशच्या मनात आजही शंका नाही.

त्याला वाटले, आता हा थांबेल. कुणीही इतका वेळ एका दमात बोलू शकत नाही. तो वाट पाहत राहिला. आवाज थांबला नाही. आणि मग त्याच्या ध्यानात आले, की आपणही मघापासून श्वास घेतलेला नाही.

त्याने श्वास घेण्याचा प्रयत्न केला.

येईना.

उठायला गेला, तर खांदे जमिनीला खिळलेले. उजवा. मग डावा. मग कमरेला दोन्हीकडून कुणीतरी घट्ट धरले. खोलीत कुणी नव्हते. शेवटी छातीवर वजन आले. एका पुऱ्या माणसाचे, गरम, घामेजलेले वजन.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला काच दिसत होती. ती आता सगळी पांढरी झाली होती. फक्त तळाशी निळे कापड दिसत होते. एक बोट अंतर.

दारावर थाप पडली.

"भावेश, दार उघड. हात भरलेत माझे."

तो दाराकडे सरपटू लागला. एका वेळी वीतभर. फरशीवर नखे घासत. घर एवढे मोठे आहे हे त्याला कधी माहीत नव्हते.

"भावेश? अरे, झोपलास का काय?"

हात उंबऱ्याकडे पोहोचत आला. चार बोटे राहिली. आणि तिथेच तो थांबला, तसूभरही पुढे जाईना. त्या क्षणी त्याला कळले, गणूला त्या शेवटच्या घडीला काय वाटले असेल. भीती नव्हती ती. रेषा इतकी जवळ दिसत असताना कुणी आपल्याला का धरून ठेवावे, याचे केवळ दुःख होते.

डाव्या हाताला पाण्याचा तांब्या लागला. उरलेल्या बळाने त्याने तो मागे भिरकावला.

काच फुटली.

छातीवरचे वजन उठले. भावेशने इतका मोठा श्वास घेतला, की घशात रक्ताची चव आली. त्याने कडी काढली.

आई आत आली. फुटक्या काचा, पाच टाचण्या, आणि भावेशच्या पायाशी, भिंतीपासून चांगली दहा पावले दूर, ती जर्सी. एवढ्या लांब ती कशी आली, हे दोघांनीही एकमेकांना विचारले नाही.

"ऐकू येतंय का तुला?" भावेश म्हणाला.

आईने मान डोलावली. आवाज थांबला नव्हता. पडलेल्या कापडातून येतच होता.

"त्याला रेषेपार नेतो," भावेश म्हणाला. "तो दम सोडेल."

"जा. मी पाय वलांडायची नाय त्या मैदानात. तू जा."

मैदान ओसाड होते. रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, पण मैदानाभोवती रोवलेल्या खांबांच्या खुणांवरून त्याने मध्यरेषा शोधली आणि मूठमूठ चुन्याने पुन्हा आखली. मग पिंपळाकडच्या अंगणात, रेषेच्या चांगले हातभर आत, जर्सी पसरून ठेवली. तिच्यावर हात फिरवला.

"आलास, दादा. सोड आता."

आवाज थांबला.

किती हलके वाटले त्याला. रडत रडत तो घरी आला. आई उंबऱ्यात बसली होती.

"थांबला?"

"थांबला."

"कंच्या अंगाला ठेवलीस?"

"पिंपळाच्या. दादाच्या अंगणात."

आई उंबऱ्यातून उठून उभी राहिली.

"मध्यंतराला बाजू बदलतात ना रं," ती अगदी हळू म्हणाली. "दुसऱ्या डावात पिंपळाकडं समोरचे व्हते. मी शालेच्या भिंतीला बसली व्हती." तिने मैदानाच्या दिशेने हात केला. "त्यो माज्याकडं येत व्हता."

भावेश धावत सुटला.

चुन्याची रेषा तशीच पांढरी होती, कुणाचे पाऊल तिच्यावर उमटले नव्हते. दोन्ही अंगणे रिकामी होती. वारा नव्हता. जर्सी कुठेच नव्हती...

पुढे कित्येक दुपारी त्याने खाडीपर्यंतचा परिसर पायाखाली घातला. शाळेच्या बाजूला उभे राहून हाका मारल्या. काही मिळाले नाही.

त्या घरात आता इन्व्हर्टर आहे. पंखा कधी बंद पडू देत नाहीत. आई मात्र दुपारी तोंड दाराकडे करून बसते, आणि दार उघडे असते.

कधी तरी इन्व्हर्टरही दगा देतो. पाती थांबतात. दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत.

आणि मग, मैदानाच्या दिशेने, फार लांबून...

कबड्डी... कबड्डी... कबड्डी...

भावेश श्वास रोखून त्याच्याबरोबर मोजू लागतो. नेहमी त्याचाच दम आधी तुटतो.